व्यवसाय प्रशिक्षण, सरकारी अनुदान आणि कामगिरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यवसाय प्रशिक्षणाच्या कॉलेजांवर खर्च होणाऱ्या सरकारी पैशाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘पैसाच देत नाहीत, निकाल कुठून येणार?’ आणि ‘एवढा पैसा ओतला, हाती काय लागलं?’ या दोन तक्रारींच्या अधेमधे येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांत मतंही आहेत. ती मतं म्हणूनच वाचावीत.

या संस्थांना सरकारी पैसा मिळतो तो नेमका कशाच्या हिशेबाने?

ढोबळमानाने चार तऱ्हा आहेत. सगळ्यात जुनी म्हणजे मागच्या वर्षीच्या खर्चात थोडी भर घालून यंदाचं अंदाजपत्रक. मंजूर पदं किती, त्यांचे पगार किती, वर थोडं वेतनेतर अनुदान, की झालं काम. दुसरी म्हणजे डोक्यामागे पैसा: जितके प्रवेश, तितकं अनुदान. तिसरी निकालावर: किती पास झाले, किती कामाला लागले. चौथीत पैसा संस्थेला मिळतच नाही. तो व्हाउचर किंवा कर्जाच्या रूपाने विद्यार्थ्याला मिळतो आणि त्याने तो हवा तिथे न्यायचा असतो. बहुतेक देशांत या चारांची सरमिसळ असते.

हिशेबाची पद्धत म्हणजे कारकुनी बाब, असं वाटू शकतं. तसं नाही. इंग्लंडमध्ये १६ ते १९ वयोगटातला विद्यार्थी वर्षभराच्या कोर्सला पहिले सहा आठवडे, म्हणजे ४२ दिवस, टिकला तरच निधीसाठी मोजला जातो. त्याआधी सोडून गेला तर त्याच्यासाठी केलेला खर्च संस्थेच्या अंगावर पडतो. अशा ठिकाणी पहिले सहा आठवडे प्रत्येक गैरहजर मुलाच्या घरी फोन जाणार, यात नवल नाही. सातव्या आठवड्यात तितक्याच तत्परतेने फोन जातो का, हे नियम लिहिणाऱ्यानेच आधी विचारायला हवं. इंग्लंडच्या सूत्रात त्यावर उपाय आहे: शेवटपर्यंत न टिकलेल्या विद्यार्थ्यामागे पूर्ण रक्कम मिळत नाही.

जास्त पैसा दिला की निकाल सुधारतो का?

पैसा कुठे पोचतो त्यावर आहे. वेल्डिंगची एक तुकडी घ्या. २० प्रशिक्षणार्थी, ४ बूथ, रोज तीन तासांचं प्रात्यक्षिक. चार बूथची मिळून ७२० मिनिटं होतात. म्हणजे एकाच्या वाट्याला ३६ मिनिटं. एक मशीन बंद पडलं आणि दुरुस्तीची मंजुरी फायलीत अडकली, की हीच वेळ २७ मिनिटांवर येते. त्यात इलेक्ट्रोडचा साठा संपत आला म्हणून निदेशकाने, म्हणजे वर्कशॉपमध्ये शिकवणाऱ्याने, ‘आज फक्त बघा’ म्हटलं, तर हाताला सवय लागणार कशी? उभ्या जोडावर सरळ मणी, म्हणजे वितळलेल्या धातूची रेघ, ओढता येणं हे तासन्‌तास हात चालवूनच येतं. फळ्यावरच्या आकृतीने येत नाही.

अनुदानाला कात्री लागते तेव्हा पगाराला सहसा हात लागत नाही. लागतो तो वेतनेतर अनुदानाला. कच्चा माल, हत्यारं, देखभाल, वीजबिल. खर्चाच्या एकूण आकड्यात हा भाग छोटा दिसतो, म्हणून कपात किरकोळ वाटते. वर्कशॉपमध्ये मात्र ती सरळ हाताखालच्या मिनिटांवर येऊन पडते. म्हणूनच ‘प्रति विद्यार्थी खर्च’ हा एकच आकडा घेऊन दोन संस्थांची तुलना करणं फसवं आहे. खर्च सारखा असेल, पण एकीकडे नव्वद टक्के पगारात जात असेल आणि दुसरीकडे सत्तर टक्के, तर त्या दोन वेगळ्याच संस्था आहेत.

उलट बाजूही आहे. एकदम मोठी रक्कम आली की इमारत उभी राहते, संगणकाच्या आज्ञांवर चालणारं महागडं सीएनसी मशीन येतं आणि ते चालवणारा निदेशकच नसतो. मशीनवरचं प्लास्टिक निघत नाही. यंत्रसामग्रीचा पैसा आणि माणसांचा पैसा वेगवेगळ्या लेखाशीर्षांतून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या वेगवेगळ्या खात्यांतून, येतो, एकातला दुसऱ्यात वळवता येत नाही, हे याचं नेहमीचं कारण.

सगळ्या कोर्सना सारखंच अनुदान का नसतं?

कारण वर्गात बसून शिकायचा हिशेबनिसाचा कोर्स आणि लेथवर उभं राहून शिकायचा टर्नरचा कोर्स यांचा खर्च एक नाही. शहाण्या सूत्रांत म्हणून भारांक असतो, म्हणजे कोर्सच्या खर्चाप्रमाणे अनुदानाला गुणायचा आकडा. इंग्लंडमधल्या प्रौढ शिक्षणाच्या सूत्रात अनेक वर्षं साध्या वर्गातल्या कोर्सला १, तर सर्वांत खर्चिक शेतीविषयक विशेष कोर्सला १.७२ असा भारांक होता. भारांक नसेल किंवा जुनाट असेल तर संस्था हळूहळू वर्कशॉप मिटवतात आणि खडू-फळ्याचे कोर्स वाढवतात. बाजारात फिटर मिळत नाहीत आणि संगणकाच्या प्राथमिक कोर्सची प्रमाणपत्रं मात्र ढिगाने, हे चित्र दिसलं तर आधी भारांकाचं कोष्टक मागून घ्यावं.

निकालावर पैसा ही अलीकडच्या व्यवस्थापनतज्ज्ञांची कल्पना आहे का?

अजिबात नाही. ब्रिटनच्या विज्ञान आणि कला विभागाने १८५९ मध्येच विज्ञानाच्या वर्गांतल्या शिक्षकांना, परीक्षेत पास झालेल्या विद्यार्थ्यांच्या हिशेबाने पैसे द्यायला सुरुवात केली. म्हणजे हा प्रयोग तंत्रशिक्षणाच्या अंगणातच सुरू झाला. १८६२ मध्ये शिक्षणाचा कारभार पाहणारे मंत्री रॉबर्ट लो यांनी तो प्राथमिक शाळांना लावला: हजेरीवर थोडं, आणि वाचन, लेखन, गणित या तीन विषयांत इन्स्पेक्टरसमोर पास होण्यावर बरंच जास्त. शिक्षकांनी पाठ्यपुस्तक तोंडपाठ करून घेतलं. जे विषय तपासले जात नव्हते ते मागे पडले. १८९० च्या दशकात ही पद्धत मोडीत निघाली.

‘कामगिरी’ म्हणजे मोजतात तरी काय?

साधारण चार गोष्टी: प्रवेशातले किती टिकले, किती पास झाले, किती जण कामाला लागले किंवा पुढे शिकायला गेले, आणि मालकांचं व विद्यार्थ्यांचं समाधान. पहिल्या तिघांत खरी मेख भाजकात आहे.

समजा १०० जणांनी प्रवेश घेतला. २५ मधेच सोडून गेले, ७५ परीक्षेला बसले, ६० पास झाले, त्यांतले ४५ कामाला लागले. आता माहितीपत्रकात ‘८० टक्के निकाल’ छापता येतो, कारण ७५ पैकी ६०. ‘७५ टक्के प्लेसमेंट’ही छापता येतं, कारण ६० पैकी ४५. दोन्ही आकडे खरे आहेत. पण सरकारने पैसा १०० जणांसाठी दिला होता आणि कामाला लागले ४५.

भाजक नेहमी प्रवेश घेतलेल्यांचा असावा. आणखी एक पथ्य म्हणजे प्रवेशाचा आकडा कोणत्या तारखेचा ते आधीच ठरलेलं असावं. नाहीतर गळालेली नावं हजेरीपटावरून अशी सफाईने उतरतात की ती कधी चढलीच नव्हती असं वाटावं.

‘कामाला लागला’ याचा अर्थ सगळीकडे एकच असतो का?

नाही, आणि बरेचसे वाद इथेच आहेत. इलेक्ट्रिशियनचा कोर्स करून मुलगा गोदामात हमालीला लागला तर ते प्लेसमेंट धरायचं? महिनाभर टिकलेली नोकरी धरायची की सहा महिने? स्वतःचं छोटं दुकान टाकलं तर पगारपत्रक कुठून आणायचं? आधीच नोकरीत असलेल्या माणसाने रात्रीचा कोर्स केला तर त्याला ‘लावलं’ कोणी?

व्याख्या सैल असेल तर आकडा फुगतो. ती फार घट्ट असेल तर स्वयंरोजगार करणारे आणि ठेकेदाराकडे रोजावर जाणारे गाळले जातात, आणि गवंडीकाम, प्लंबिंग, शिवणकाम असे कोर्स विनाकारण नापास ठरतात. नेपाळमध्ये २००८ पासून चाललेल्या रोजगार निधीने यावर बरी तोड काढली होती: प्रशिक्षण संपल्यावर ठरावीक महिन्यांनी माणूस किमान ठरवलेली कमाई करतो आहे का, हे प्रत्यक्ष भेटून पडताळायचं आणि मगच संस्थेचा हप्ता सोडायचा. नोकरी की धंदा, हा प्रश्नच त्यात गौण ठरतो.

निकालावर पैसे देण्यात वाईट काय? काम करील त्याला दाम, साधी गोष्ट आहे.

साधी वाटते खरी. अमेरिकेत १९८२ च्या रोजगार प्रशिक्षण भागीदारी कायद्याखाली प्रशिक्षण केंद्रांना नेमकी हीच अट घातली होती. प्रशिक्षण संपताना, आणि पुढे १३ आठवड्यांनी, किती जण नोकरीत आहेत आणि कमावतात किती यावर केंद्रांना बक्षिसाची रक्कम मिळे. या योजनेचा अभ्यास जेम्स हेकमन, कॅरोलिन हाइनरिक, जेफ्री स्मिथ, पास्कल कूर्टी, जेरल्ड मार्श्के अशा अर्थशास्त्रज्ञांनी बारकाईने केला. आणि त्याला जोड होती यादृच्छिक निवडीच्या प्रयोगाची: अर्जदारांतल्या काहींना चिठ्ठी टाकावी तसं निवडून प्रशिक्षण दिलं, काहींना दिलं नाही, आणि दोन्ही गटांचं पुढे काय झालं ते पाहिलं. अशी संधी सरकारी योजनांत क्वचित मिळते.

त्यातून दोन गोष्टी निघाल्या, आणि दोन्ही आजच्या योजनांना लागू आहेत.

पहिली, तारखांचा खेळ. प्रशिक्षणार्थीचं प्रशिक्षण ‘संपलं’ कधी, हे कागदावर ठरवायची मुभा केंद्रांकडे होती. नोकरी मिळाली की लगेच संपलं. नाही मिळाली तर नाव पटावर तसंच ठेवायचं. कोणाचा निकाल कोणत्या आर्थिक वर्षात टाकायचा याचंही गणित मांडलं जाई. कूर्टी आणि मार्श्के यांनी दाखवलं की ही नुसती कागदोपत्री हुशारी नव्हती. तिच्यापायी प्रशिक्षणाचंही नुकसान होत होतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. १३ आठवड्यांनंतरची कमाई हा मापदंड प्रशिक्षणामुळे माणसाच्या आयुष्यभराच्या कमाईत पडणाऱ्या फरकाशी फारसा जुळतच नव्हता. काही वेळा तर उलट्या दिशेने जायचा. कारण उघड आहे. ज्याला पंधरा दिवसांत कुठेही चिकटवता येईल असा माणूस आकडा सुधारतो, आणि ज्याला वर्षभर नीट शिकवावं लागेल तो बिघडवतो. खरा फायदा मात्र बहुधा दुसऱ्यालाच होणार असतो.

मग गरीब, मागे पडलेल्या विद्यार्थ्यांना घेणाऱ्या संस्थेने काय करायचं?

दोन कॉलेजं धरा. ‘अ’ मध्ये शंभरातले ८० कामाला लागतात, ‘ब’ मध्ये ६०. यादीत ‘अ’ वर. आता ‘अ’ मध्ये येणारी मुलं चांगल्या गुणांची, घरच्या ओळखीपाळखीची. कोर्स केला नसता तरी त्यांतली ७० कुठेतरी लागलीच असती. ‘ब’ मध्ये येणाऱ्यांतली ३० लागली असती. म्हणजे ‘अ’ ने शंभरामागे १० जणांचं भलं केलं आणि ‘ब’ ने ३० जणांचं. सरकारी पैशाचं चीज कुठे झालं ते सांगायला नको.

अडचण अशी की ‘नसतं केलं तर’ हा आकडा कोणाच्या पटावर नसतो. तो अंदाजाने काढावा लागतो: प्रवेशावेळचे गुण, वय, घरची परिस्थिती, त्या भागातली बेरोजगारी. वर सांगितलेल्या अमेरिकन योजनेत असा हिशेब करून प्रत्येक भागाचं लक्ष्य वेगळं ठरवायची सोय होती, तरी निवडून माणसं घ्यायचा मोह पुरता गेला नाही. सोपा मार्ग म्हणजे दरच वेगळे ठेवायचे. नेपाळच्या रोजगार निधीत वंचित गटातल्या स्त्रीला कामाला लावल्यावर संस्थेला मिळणारा प्रोत्साहन भत्ता सर्वांत जास्त होता. अवघड विद्यार्थ्याला दार दाखवण्यात फायदा उरत नाही, तेव्हाच दार उघडं राहतं.

खासगी संस्थांना स्पर्धेत उतरवलं तर सरकारी कॉलेजं सुधारतील ना?

काही ठिकाणी थोडं झालं असेल. पण अंगाशी आलेली दोन उदाहरणं इतकी ठळक आहेत की ती आधी वाचावीत.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २००० मध्ये वैयक्तिक शिक्षण खाती सुरू झाली. प्रौढ माणसाने खातं उघडायचं, कोणत्याही नोंदणीकृत संस्थेत शिकायचं, सरकार फीचा मोठा वाटा भरणार. संस्थांच्या नोंदणीत दर्जाची तपासणी जवळपास नव्हतीच. खात्यांचे क्रमांक भलत्यांच्या हाती गेले, न झालेल्या शिकवणीचे पैसे उचलले गेले आणि नोव्हेंबर २००१ मध्ये योजना घाईघाईने बंद करावी लागली.

ऑस्ट्रेलियाचं प्रकरण याहून मोठं. तिथल्या ‘वेट फी-हेल्प’ योजनेत विद्यार्थ्याच्या नावावर सरकारी कर्ज निघायचं आणि रक्कम थेट संस्थेला मिळायची. २००९ मध्ये वर्षाला सुमारे २.६ कोटी डॉलर असलेलं हे कर्ज, २०१२ मध्ये नियम सैल झाल्यावर, २०१५ मध्ये सुमारे २९० कोटी डॉलरवर गेलं. दलाल दारोदार फिरले, सही करणाऱ्याला लॅपटॉप फुकट. ज्यांना कोर्स झेपणार नाही हे उघड होतं अशांच्याही नावावर हजारो डॉलरचं कर्ज चढलं. २०१६ च्या अखेरीस योजना गुंडाळली आणि जानेवारी २०१७ पासून कर्जाला मर्यादा घालणारी नवी योजना आली. फसवले गेलेल्यांची कर्जं माफ करण्यासाठी पुढे वेगळी तरतूद करावी लागली.

दोन्हीकडे चूक एकच: प्रवेश झाल्याबरोबर पैसा मोकळा. खासगी-सरकारी हा मुद्दा त्यानंतरचा.

पदवीधरांच्या पगारावर अनुदान बांधलं तर?

टेक्सासने हे केलं आहे. तिथल्या टेक्सास स्टेट टेक्निकल कॉलेजचं शिक्षणासाठीचं राज्य अनुदान २०१३ पासून या सूत्रावर ठरू लागलं: बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याने पुढच्या पाच वर्षांत किमान वेतनाच्या पातळीवर किती जास्त कमावलं? वर्गात बसल्याच्या तासांना किंमत नाही. या कॉलेजचं काम मुळात एकच आहे, नोकरीसाठी तयार करणं, म्हणून तिथे सूत्र बसलं. अमेरिकेत मालकांना पगाराची नोंद सरकारकडे करावी लागते, त्यामुळे आकडा विद्यार्थ्याला किंवा कॉलेजला विचारावा लागत नाही. हा मोठाच फायदा.

तरी सरसकट अनुकरणाच्या मी विरोधात आहे. पाळणाघरात किंवा वृद्धांच्या सेवेत काम करणाऱ्यांचे पगार कमी असतात, तो दोष प्रशिक्षणाचा नाही. पगारावर अनुदान बांधलं की असे कोर्स आधी बंद पडणार, गरज कितीही असो. मंदी आली की जिथे पैसा लागणार तिथेच तो आटणार, हे वेगळंच.

खर्च उद्योगांनीच का उचलू नये?

बऱ्याच ठिकाणी उचलतात. ब्राझीलमधली सेनाई ही संस्था १९४२ पासून उद्योगांच्या पगारखर्चावरच्या १ टक्का वर्गणीवर चालते. ब्रिटनने एप्रिल २०१७ पासून ज्यांचा वार्षिक पगारखर्च ३० लाख पौंडांच्या वर आहे अशा मालकांवर ०.५ टक्का शिकाऊ उमेदवार आकार बसवला. जर्मनीत कारखान्यातल्या प्रशिक्षणाचा खर्च मालक करतो आणि शाळेचा भाग राज्यं चालवतात. कायदा १९६९ चा, परंपरा त्याहून कितीतरी जुनी. स्वित्झर्लंडमध्ये केंद्र सरकार कँटनांना, म्हणजे तिथल्या राज्यांना, दर शिकाऊ उमेदवारामागे ठोक रक्कम देतं.

पैसा उद्योगाचा आला की अभ्यासक्रमात त्याचा शब्द चालणं ओघाने आलं. त्याने जुनाट यंत्रांवरचं शिकवणं कमी होतं. पण एका कारखान्याला हवं तेवढंच शिकवायचा आग्रह धरला तर कारखाना बंद पडल्यावर कामगाराच्या हातात काही उरत नाही.

मग निकालावर किती पैसा बांधावा?

फिनलंडने २०१८ च्या सुधारणेत अशी विभागणी आखली: ५० टक्के मूळ निधी, ३५ टक्के पूर्ण झालेल्या अर्हतांवर, १५ टक्के नोकरी, पुढचं शिक्षण आणि अभिप्रायावर. भारतात केंद्र सरकारच्या २०१५ च्या समान निकषांनुसार अल्पमुदतीच्या कौशल्य प्रशिक्षणाचा पैसा ३०-५०-२० अशा हप्त्यांत देण्याचं ठरलं: सुरुवातीला, प्रमाणपत्रानंतर, आणि रोजगारानंतर. इथे मधला हप्ता सर्वांत मोठा आहे हे लक्षात घ्या. जिथे परीक्षेचं व्यवस्थापन ढिलं असेल तिथे प्रमाणपत्रं वाटण्यातच संस्थेचं हित.

माझं मत: निदेशकांचे पगार, कच्चा माल आणि देखभाल यांचा पैसा निकालावर टांगूच नये. वर्कशॉप असलेल्या संस्थेचा खर्च प्रवेश कमी झाले म्हणून कमी होत नाही. निकालाचा वाटा दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास ठेवावा आणि तो एका वर्षाच्या नव्हे तर तीन वर्षांच्या सरासरीवर द्यावा. पंधरा जणांच्या तुकडीत दोघे नापास झाले तरी टक्केवारी घसरगुंडीला लागते. एवढ्यावर कोणाचं अनुदान कापणं म्हणजे नाणं उडवणं.

सतत खराब कामगिरी असलेल्या संस्थेचं अनुदान बंद करावं का?

आधी बघावं की निदेशकांची किती पदं रिक्त आहेत. निम्मी पदं रिकामी असताना निकाल लागत नाही म्हणून पैसा तोडायचा आणि पैसा नाही म्हणून पदं भरायची नाहीत, हे चक्र एकदा फिरू लागलं की थांबत नाही. पदं भरलेली आहेत, यंत्रं चालू आहेत, तरी तीन-चार वर्षं काही हलत नाही, तर व्यवस्थापन बदलावं किंवा शेजारच्या चांगल्या संस्थेत विलीन करावं. कोर्स मधेच बंद करून मुलांना रस्त्यावर सोडणं हा पर्याय नाही.

आकड्यांची तपासणी कोणी करायची?

ज्याला त्या आकड्यांवर पैसा मिळतो त्याने नक्कीच नाही. हे उघड आहे, तरी अनेक योजनांत प्लेसमेंटचा आकडा संस्थाच भरते आणि वरिष्ठ कार्यालय त्यावर शिक्का मारतं.

पगाराची किंवा भविष्य निर्वाह निधीची सरकारी नोंद असेल तर तिच्याशी यादी जुळवून पाहणं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचं. असंघटित क्षेत्रात ते चालत नाही. तिथे यादीतली काही नावं चिठ्ठी टाकून निवडावीत आणि बाहेरच्या माणसाने त्यांना फोन करावा, भेटावं. सगळ्यांना गाठायची गरज नाही. कोणाला फोन जाणार हे संस्थेला आधी कळता कामा नये, आणि खोटं नाव सापडलं तर फक्त त्या एका नावाचा नव्हे, पूर्ण तुकडीचा हप्ता अडकला पाहिजे.